मुठीचं गाणं

वस्ताद, येत्या बाजाराच्या दिवशी अकोल्यात गाणं आहे आणि पुढे मला बसायचं आहे. मागे तंबोरा घेऊन नाही, पुढे, तुम्ही बसायचा तिथे. हे ठरल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. घरची म्हणते, "इतके वर्सं गाऊन राहिले, आन् आता म्हातारपणी काहून भेता?" मी तिला म्हटलं, गाण्याला भीत नाही, ऐकणाऱ्यांना भितो. ती हसली. तिला वाटलं, लोक नावं ठेवतील म्हणून मी घाबरलोय. माझं भय वेगळं आहे. एवढी माणसं एका छपराखाली मांडीला मांडी लावून बसतात, त्यांची लेकरं त्यांच्या मांडीवर पेंगतात, आपल्या भरवशावर सगळे डोळे मिटून घेतात, आणि आपणही डोळे मिटून गात असतो. त्या वेळी खाली काय चाललंय हे कुणाला ठाऊक असतं? अमरावतीच्या त्या दुपारपासून ही धास्ती माझ्या पोटात घर करून बसली आहे. त्या दुपारबद्दल आपण दोघं कधी धड बोललो नाही. तुम्ही टाळलंत आणि मी विचारलं नाही. आता तुम्ही टाळू शकत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तो काळच असा पिसाटलेला होता. तिकडे अमेरिकेत गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली, तिथला कापूस अडकला, आणि मुंबईचे व्यापारी आमच्या वऱ्हाडात धावत सुटले. ज्यांना कालपर्यंत कुणी बस म्हणत नव्हतं त्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. अमरावतीच्या कापूस बाजारात गाड्यांची रांग लागली की तिचं शेपूट दिसत नसे. पैसा आला तसं गाणंही आलं, पण ते शेठ लोकांच्या दिवाणखान्यात. तिथे तुम्हाला मानानं बोलावणं असायचं, शाल असायची, अत्तर असायचं. एकदा तसंच गाऊन तुम्ही बाहेर पडलात, मी मागे तंबोरा घेऊन होतो, तर भिंतीला पाठ लावून गाडीवान बसले होते. आतलं गाणं भिंतीतून जेवढं पाझरलं तेवढं त्यांनी ऐकलं होतं. आणि दरवान काठी आपटून त्यांना उठवत होता. तुम्ही ते पाहिलंत. आणि पुढच्या बाजाराला एका अडत्याच्या रिकाम्या छपरीत जाऊन बसलात आणि मला म्हणालात, "बोलाव त्या गाडीवानाइले. सांग, गाणं आहे, दाम नाई."

दाम नाही हे बोलायला सोपं होतं. तबलजीला पोट होतं, सारंगीवाला बाळापुराहून यायचा, त्याला भाडं लागायचं, तारा तुटायच्या, चामडं फाटायचं. तेव्हा तुम्ही मुठीचा कायदा काढलात. बाजारात येणाऱ्या प्रत्येक गाडीनं गाण्यासाठी मूठभर कापूस टाकायचा. एकच मूठ. गाडीवाल्याची एक, मालकाची एक, कापूस निवडणाऱ्या बायांची पदरातून एक, शेठची पण एकच. एका शेठनं मोठेपणानं भरलेली गोण पाठवली होती ते आठवतं? तुम्ही गोणीचं तोंड सोडलंत, आतून एक मूठ काढून ढिगावर टाकलीत, आणि गोण परत त्याच्याच माणसाच्या डोक्यावर दिलीत. "सेठले सांग, मूठ पोचली." माणूस बावरून गेला. मी तुम्हाला म्हटलं, वस्ताद, आपल्यालाच महागात पडेल. तुम्ही म्हणालात, "गोण घेतली तर तो म्हनन, गाणं माझं. मंग ह्या बाया कुठं बसतीन?"

आणि बाया बसायच्या कुठे, तर त्या कापसावरच. ही तुमचीच शक्कल. जमा झालेला कापूस छपरीत पसरायचा, वर गोणपाट टाकायचं, की ऐकणाऱ्यांना गादी झाली. दर बाजाराला गादी जाड होत जायची, आणि हंगाम सरला की ती विकून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं वर्ष निघायचं. लोकांना त्याचं फार अप्रूप होतं. आपणच दिलेल्या कापसावर आपण शेठसारखे लोडाला टेकून बसतो म्हणायचे, लोड तर नव्हताच. बाजारात विस्तवाला सक्त मनाई होती, चिलीमसुद्धा वेशीबाहेर. म्हणून आपलं गाणं दिवसाउजेडी सुरू व्हायचं आणि दिवस मावळायच्या आत संपायचं. तुमचे संध्याकाळचे सगळे राग घरीच राहायचे. शेवटी भैरवी झाली की लोक ओळीओळीनं उठत आणि दाराशी लाह्या घेऊन बाहेर पडत.

मी तेव्हा आडतीवर कापूस तपासायच्या कामावर होतो. लग्न झालेलं, अंगात रग. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि आतला कापूस कोरडा की भिजवलेला ते सांगायचं. भाव चढला तसे लोक चेकाळले होते. वजन वाढावं म्हणून रात्री कापसावर पाणी शिंपडायचे, वरून कोरड्याचा थर द्यायचे. माझा हात आत गेला की गाडीवाल्याचा चेहरा उतरायचा. आणि ज्या गाड्या मी आडतीवर परत फिरवायचो त्याच गाड्या जाताजाता आपल्या छपरीत मूठ टाकून जायच्या. ओली मूठ. मी एकदा तुमच्या घरी येऊन हे सांगितलं. तुम्ही अंगणात बसून तंबोऱ्याला तार चढवत होता. तुमच्या घरचं शिजवलेलं मी खात नसे, आमच्या घरी चाललं नसतं, म्हणून तुमच्या घरच्या मला नेहमी गूळ-फुटाणे द्यायच्या, त्या दिवशीही त्यांनी द्रोण पुढे ठेवला. मी म्हटलं, वस्ताद, छपरीच्या दाराशी मी उभा राहतो, हात लावून पाहतो, ओलं असेल ते परत करतो. तुम्ही तार सोडलीत आणि माझ्याकडे असं पाहिलंत की हातातले फुटाणे मी परत द्रोणात ठेवले.

"दानात हात घालून पाहाते का रे? सौद्यात पाहाय, तो तुया धंदा आहे. देणाऱ्यानं मुठीत काय आणलं ते त्याचं तो जाने. त्याले लाज वाटली पायजे का?"

मी म्हटलं, ओला कापूस दाबून ठेवला की आतून तापतो. तुम्ही म्हणालात, "मंग उन्हात घालत जाऊ." झालं. एकदोनदा घातलाही. नंतर गर्दी इतकी वाढली की ढीग उचलून उन्हात नेणार कोण आणि कधी, हा प्रश्नच राहिला. वस्ताद, माझा हात त्या दिवसांत सारखा शिवशिवायचा. छपरीत शिरलं की खाली हात घालून पाहावंसं वाटायचं, आणि तुमची ती नजर आठवून मी हात मागे घ्यायचो. तुमच्या शब्दाला मी देवाच्या शब्दासारखा मानायचो, आणि त्याच वेळी मला भीतीही वाटायची. दोन्ही एकदमच.

ती दुपार. माघ संपत आलेला. ढीग इतका वाढलाय की बसणाऱ्यांची डोकी छपरीच्या वाशांना लागायला आली आहेत. एवढी गर्दी मी आजवर पाहिलेली नाही. दार एकच, तेही अरुंद, आणि दारातही माणसं. कुणी बाई लेकराला पदराखाली घेऊन बसली आहे, कुणी गाडीवान चाबूक मांडीवर आडवा ठेवून. तुम्ही मधोमध, सगळ्यांत उंच जागी, आणि मी तुमच्या मागे उजव्या अंगाला. गाणं रंगलेलं आहे. आणि माझी तार उतरते. मी खुंटी पिळतो, तार चढवतो, दोन आवर्तनं जात नाहीत तर परत उतरते. तुम्ही मान न वळवता तिरकं बघता. मी परत चढवतो. परत उतरते. तुम्ही समेवर येता आणि दात न विलगता म्हणता, "काहून रे, तार काहून उतरून राहिली? झोपला का?"

मी झोपलो नव्हतो. मला नुकतंच कळलं होतं की माझ्या मांडीला ऊब लागतेय. तंबोऱ्याचा भोपळा गरम झालाय, म्हणून तार उतरतेय. मी गोणपाटाची कड उचलून हात खाली घातला, कोपरापर्यंत, आडतीवर घालतो तसा. वीतभर आत कोमट. अजून आत गेलो आणि बोटं भाजली म्हणून हात बाहेर काढला. बोटांना करपल्या सरकीचा वास होता. मी पुढे झुकून तुमच्या कानाशी म्हटलं, "वस्ताद, खालचा कापूस पेटत आला." 

तुमची तान तुटली नाही. हे मी आजही लोकांना सांगतो, आणि खरंच सांगतो. ती पुरी केलीत, समेवर आलात, तबलजीला हातानं चालू ठेव म्हणालात, आणि मला हळूच म्हणालात, "लोकं बसून आहे तवर दबून आहे. वारा नाई लागला. एकदम उठले का जाळ भडकन." बाजारात सगळ्यांना हे ठाऊक होतं, तापलेला ढीग उकरायचा नसतो. खरंखोटं देव जाणे. पण मी त्या एका दाराकडे पाहिलं, मधल्या डोक्यांकडे पाहिलं, आणि नुसतं "आग" एवढं कुणी म्हटलं तर काय होईल ते मला दिसलं. आगीच्या आधी पायांनीच माणसं मेली असती. त्या पदराखालच्या लेकराचं काय झालं असतं ते मी मनात आणू शकलो नाही. 

तुम्ही भैरवी सुरू केलीत. मला कळलं, भैरवी म्हणजे शेवट, लोक रोजच्यासारखे ओळीनं उठतील, लाह्या घेतील, जातील. पण ऊन अजून छपरीच्या अर्ध्यावर होतं. लोक चमकले. "वस्ताद, आताच भैरवी?" मागून कुणीतरी ओरडलं, "अजून दिवस आहे ना बापा!" आणि भैरवी अशी लागली, वस्ताद, तशी तुमची भैरवी मी पुन्हा ऐकली नाही. मरणाच्या भीतीनं लागली की कशानं, कोण जाणे. कुणी उठेना. दाराबाहेरचे आत रेटून यायला लागले. एका म्हाताऱ्या गाडीवानाच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. भैरवी संपली तर सगळी छपरी एका आवाजात म्हणाली, "आखीन एक! आखीन एक!" आणि माझ्या मांडीखालची ऊब आता चटका झालेली. मला वाटलं, आपण इतकं चांगलं गायला का शिकलो.

 तुम्ही मान मागे वळवून, पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून म्हणालात, "तार उतरू दे."

मला समजलं नाही. तुम्ही परत म्हणालात, "उतरू दे मनतो ना. चढवू नोको." आणि तुम्ही गायला लागलात. बेसूर. एकच ओळ, तीच ती, रडतखडत, तालाच्या पुढेमागे. तार खाली जात होती आणि तुम्ही तिच्याही खाली जात होता. तबलजीनं डोळे विस्फारले. मी खुंटीवर हात ठेवून बसलो होतो आणि हात आपसूक पिळायला जायचा, तो मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. तुमच्याकडे शिकायला लागल्यापासून तार उतरू द्यायची नाही एवढंच मला येत होतं. आधी लोकांना वाटलं गंमत आहे. मग कुजबूज सुरू झाली. "आज वस्तादले का झालं?" "पिऊन आले वाटते." एक जण उठला. त्याच्या मागून दोघं. लेकराची आई उठली, लेकरू जागं झालं होतं. कडेच्या ओळी सुटल्या, कंटाळलेली माणसं उठतात तशी, गुडघ्यावर हात टेकत, धोतर झटकत, हळू. लाह्याही कुणी घेतल्या नाहीत. त्या गोणवाल्या शेठच्या आडतीतला एक मुनीम जाताजाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फुकटाचं गाणं असंच रायते." तुमचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. सदऱ्याखाली ती पाठ घामानं भिजलेली होती.

छपरी जवळजवळ रिकामी झाली आणि एक म्हातारी उरली. रेच्यावर सरकी काढायचं काम करणारी, दर बाजाराला अगदी पुढ्यात बसायची. ती पाय पसरून आरामात बसली होती आणि मान डोलवत होती. तुम्ही गाणं थांबवून म्हणालात, "माय, झालं गाणं." ती म्हणाली, "होऊ दे. चांगलं गाते तू. मी मूठ देली हाये, मी आखरीपर्यंत बसन." मला हसू आलं असतं, पण कापसाच्या एका कडेनं तेव्हाच बारीक निळा धूर निघाला. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "माय, तुया बकऱ्या सुटल्या, बाजारात फिरून राहिल्या." म्हातारी अशी उठली की गोणपाटात पाय अडकून पडता पडता वाचली, आणि बकऱ्यांना शिव्या घालत दारातून बाहेर गेली. तबलजी आणि सारंगीवाला तिच्या मागे. मग तुम्ही मला म्हणालात, "चाल. हळू." आपण दोघं उठलो, भिंतीच्या कडेकडेनं गेलो, आणि दारातून बाहेर पाय टाकतो न टाकतो तोच मागे भक्कन आवाज झाला. मी वळून पाहिलं. आपण बसलो होतो तिथूनच जाळ निघाला होता आणि वाशांना भिडला होता.

एकही माणूस दगावला नाही. जवळच्या गाड्या लोकांनी ओढून बाजूला काढल्या. छपरी आणि हंगामभराच्या मुठी राख झाल्या. तुमच्या मांडीला मोठे फोड आले होते, ते तुम्ही घरी जाईपर्यंत दाखवले नाहीत. अडत्यानं हात वर केले, पुन्हा गाण्याला जागा नाही म्हणाला, आणि त्याचंही चूक नव्हतं. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या बाजाराला तुम्ही लंगडत मोकळ्या मैदानात कडुलिंबाखाली जाऊन बसलात, मी तंबोरा लावायला घेतला, आणि पाहतो तो गाडीवान येऊन उभे.  त्यातल्या एकानं मूठ पुढे केली आणि तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "पाहाय भाऊ. वाळवून आणला." तुम्ही दुसरीकडे बघत म्हणालात, "पाहाय ना मंग. हात काहून आखडला?" त्या दिवसापासून प्रत्येक मूठ मी तपासली आणि कुणालाही लाज वाटली नाही. पण आपण कापसावर कधी बसलो नाही. लढाई संपली, भाव पडले, आणि पुढच्या एका पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात.

अकोल्यात आता रेल्वे आहे, कापूस दाबायच्या प्रेसचा भोंगा आहे, आणि तुमच्यामागे इथे आलेलं मुठीचं गाणं अजून चालू आहे. परवाच एका प्रेसमालकानं निरोप धाडला की सगळा खर्च मी उचलतो, पुढच्या ओळी तेवढ्या माझ्या पाहुण्यांना. मी तुमच्यासारखीच एक मूठ मागून घेतली. तो रागावला. आता तो काय करेल याचीही मला भीती आहे, आणि गाणं बंद पडलं तर या बाया कुठे बसतील याचीही. गाण्याच्या मंडळींना वाटतं मी कशालाच भीत नाही. त्या दुपारची गोष्ट इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे, वस्ताद आगीवर बसून राहिले आणि शिष्यानंही त्यांची साथ सोडली नाही. म्हणून तर ते मला पुढे बसवताहेत.

वस्ताद, तुम्ही भैरवी सुरू केलीत तेव्हा मी उठत होतो. तंबोरा टाकून, त्या लेकराच्या अंगावरून, दारापर्यंत. माझा एक गुडघा उचललाही होता. उठता आलं नाही, कारण माझ्या धोतराचा सोगा तुमच्या मांडीखाली अडकला होता. मी ओढला. तो सुटला नाही. मी परत बसलो, आणि तार धरली. त्यानंतर सगळे जाईपर्यंत तुम्ही त्या मांडीवरून जरासुद्धा हलला नाहीत, आणि फोड आले ते त्याच मांडीला. मी ओढतोय हे तुम्हाला कळलं होतं का, एवढंच मला विचारायचं होतं.